थांबा क्रमांक एकेचाळीस

मे महिना. राज्यभर इतिहासाचा उत्सव.
ॲडलेडच्या कार्यालयात आम्ही नकाशावर
सहाशे बारा लाल टिकल्या चिकटवल्या:
दीपगृहं, तांब्याच्या खाणी, बंदरावरची गोदामं,
एक जुना तुरुंग, जिथे आता वाइन मिळते.
अगदी वर, जिथे कागदच संपत आला होता,
तिथे विलोरा साइडिंग.
उत्सवाच्या बोधचिन्हात उंट असावा
ही कल्पना माझी.

नऊ तास गाडी हाकून पोचलो.
सोबत घडीचा फलक, पत्रकांचे गठ्ठे
आणि माणसं मोजायचं टिकटिक करणारं यंत्र.
मर्ल गूलाम कुलपात तेल सोडत होती.
वय एकोणऐंशी. आजोबा पेशावरकडचे, आजी अरबाना,
टोपी मात्र गावच्या फुटबॉल संघाची.
"तुमच्या अर्जात विचारलंय, वास्तुविशारद कोण?
मी लिहिलं, वारा.
पत्रे त्यानेच तीनदा नव्याने रचले."

मग तिने मला रूळ दाखवले.
म्हणजे रूळ नव्हतेच,
ते उचलून नेल्यावर उरलेला खडीचा वण.
"पलीकडे हॉटेल, डॉक्टर, बर्फ.
अलीकडे आम्ही, उंट, आणि खजुराची नऊ झाडं.
मेल्यावरसुद्धा अलीकडे-पलीकडेच.
तुमच्या नकाशात दोन्हीकडे एकच रंग दिलाय."
तक्रार नव्हती आवाजात.
साडीचं कापड चिमटीत धरून बघावं
तशी ती त्या रंगाकडे बघत होती.

छे, साडी कुठली तिथे. माझी जीभ घसरली.
घोंगडीचं म्हणा.

दुपारपर्यंत अकरा जण.
कॅरॅव्हॅनवालं एक जोडपं, स्वच्छतागृह विचारून गेलं.
पोर्ट ऑगस्टाचे चार निवृत्त रेल्वेवाले
खडीच्या वणाचेच फोटो काढत राहिले.
आणि एक मुलगी, पुढचे दात पडलेली,
भिंतीवरच्या खिळ्यापाशी थांबली:
"या लाकडी खुंट्या कशाच्या?"

मर्ल खुर्चीत बसली. तेव्हाच कळलं, आता उशीर होणार.

लॉऱ्या आल्या. उंट नकोसे झाले.
पोलिसाने कागद आणला आणि बंदूक उसनी दिली,
सोमवारपर्यंत मोकळं करा म्हणाला.
आजोबाने रविवारी रात्री कंदील विझवला,
एकेकाच्या नाकातली खुंटी काढली,
जखमेला तूप लावलं,
एकेकाचं नाव घेतलं, आणि म्हणाला, जा.
सोमवारी पोलिसाला चहा दिला.
बंदूक होती तशी परत.

"सात खुंट्या. नावं मला पाचच येतात.
दोन आजीने सांगितली असतील,
मी तेव्हा केस विंचरत असेन."

मुलीने विचारलं, ते आता कुठे आहेत?
कुणी उत्तर द्यायच्या आत
उत्तरेकडून हेलिकॉप्टरची घरघर आली.
या दिवसांत वरून टिपतात रानटी उंटांना,
पाणवठे नासवतात म्हणून.
नासवतातही. मर्लचाच टाका गेल्या उन्हाळ्यात फोडला.
आम्ही सगळे वर बघत राहिलो.
दारात माझ्या फलकावरचा उंट
दात दाखवून हसत होता.
उंटावरचा शहाणा म्हणतात तो मी,
आणि उंटही कागदाचा.

संध्याकाळी फलकाची घडी घालताना
तिने यंत्र माझ्या हातातून घेतलं.
आकडा बघितला.
मग अंगठा दाबत गेली, ओठ हलत होते:
पाचदा झरझर.
थांबली. खिळ्याकडे बघितलं.
आणखी दोनदा, हळू.

रस्त्यात नेटवर्क आलं तसा कार्यालयाचा फोन.
एकेचाळीसला किती?
अठरा, मी म्हणालो.
"गेल्या वर्षीपेक्षा बरं आहे,"
पलीकडून आवाज आला,
आणि बेचाळीसचं विचारू लागला.